गादीवरचा कॅमेरा

मी सख्ख्या भावाला कुलूप फेकून मारलं. डावी भुवई फुटली, रक्त त्याच्या पांढऱ्या शर्टावर आणि शेजारच्या बिजागऱ्यांच्या पेटीवर उडालं. सियागंजात, भरदुपारी, हमाल बघत असताना. हे आधीच सांगून टाकतो, कारण अर्ध्या इंदूरला ते माझ्याशिवायच कळलेलं आहे.

आमचं कुलपं, कड्या, बिजागऱ्यांचं ठोक दुकान. हातगाडी ढकलत मी ते उभं केलं, बापाची एक वीटही त्यात नाही. भाव करण्यात मला कुणी हरवलं नव्हतं, आणि त्याची युक्ती साधी होती. खरेदी धाकटा भाऊ बघायचा. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की तो माझ्यामागे गादीवर बसायचा. मी "पाणी दे रे" म्हणत वळायचो. त्याने मांडीवर जितकी बोटं ठेवली असतील, तितकेच टक्के खाली उतरायचं. काउंटरच्या पलीकडून ती बोटं दिसणं शक्यच नव्हतं.

मग मानपूरचा एक व्यापारी यायला लागला. हायवेवर मोठं दुकान, बोलणं मध. हा बरोबर बोटांच्या आकड्यावर येऊन थांबायचा. "भिया, इससे ऊपर अपने बस का नहीं," म्हणायचा आणि मांडीवरच्या मोबाइलकडे बघत चहा प्यायचा. सलग पाचव्या खेपेला तसंच झालं, तेव्हा माझं डोकं फिरलं. आकडा दोघांनाच ठाऊक असायचा. त्यातला एक मी.

व्यापारी बाहेर गाडीत माल भरून घेत होता. मी भावाकडे वळलो.

"कितने में बिका रे तू?"

"दादा, काय बोलतोस?"

"मानपूरवाला काय देतो तुला?"

कुलूप माझ्या हातातच होतं.

त्याने भुवईवर तळहात दाबला, चपला घातल्या आणि गेला. "मी नाही" एवढंसुद्धा म्हणाला नाही. तो राग माझ्या पोटात अजून आहे. नाही म्हणाला असता तर माझा हात थांबला असता. बहुतेक.

पुढच्या वेळी मानपूरवाला आला तेव्हा गादी रिकामी होती. शेवटचा आकडा मी खडूने गल्ल्याच्या झाकणाला आतून लिहिला होता. बायकोलाही सांगितला नव्हता. तो त्याच आकड्यावर थांबला.

मी काउंटरवरून वाकून त्याचा मोबाइल हिसकावला. पडद्यावर वरून दिसणारं एक टक्कल होतं, उघडा गल्ला होता, झाकणावरचा पांढरा आकडा होता. मी मान वर केली. क्षणभराने पडद्यावरच्या टकल्यानेही केली.

गल्ल्यावर नजर राहावी म्हणून गादीच्या डोक्यावर कॅमेरा मीच लावून घेतला होता.

काउंटरवरून उडी मारून, त्याची कॉलर धरून मी त्याला कुलपांच्या रॅकवर आपटला. रॅक आमच्या दोघांवर कोसळला. पडलेल्याला मी लाथा घातल्या. त्याचा ओठ फाटला, माझी करंगळी मोडली. हमालांनी ओढून बाजूला केलं, तर तो रक्त थुंकत म्हणतो, "चोरी काहे की? खुला पड़ा था, देख लिया! आँखें फोड़ लूँ अपनी?"

भावाची मुलगी इथल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मी फोन केला. ती आली, पण बापाची चष्म्याची डबी न्यायला. डबी पर्समध्ये टाकली आणि कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरपाशी बसली.

"पासवर्ड एक ते सहा," ती म्हणाली. "कारखान्यातून आला तसाच. चहा पिताना त्या मानपूरवाल्याने रेकॉर्डरवरच्या या स्टिकरचा फोटो काढला असेल. बाकी ॲपने केलं."

"त्या कॅमेरेवाल्याला उभा चिरतो!"

तिने ड्रॉवर उघडून त्याचं कोटेशन माझ्यापुढे धरलं. 'सेटिंग व पासवर्ड' या ओळीवर माझ्या पेनाची काट होती, कागद फाटेल इतक्या जोरात मारलेली. मी त्याला म्हणालो होतो, ताला मैं बेचता हूँ, तू मुझे मत सिखा.

रेकॉर्डर काढून तिने आमच्याच जुन्या कॉम्प्युटरवर दुसरं सॉफ्टवेअर टाकलं आणि कॅमेरे बाहेरच्या नेटपासून तोडले. सॉफ्टवेअर फुकट होतं, म्हणून मला संशय आला. ती म्हणाली, याचा सगळा कोड उघडा आहे, जगात कुणीही वाचू शकतो.

"मग चोर नाही वाचणार?"

काउंटरवर कापलेल्या कुलपाचा नमुना असतो, गिऱ्हाइकाला आतले लिव्हर दाखवायला. तो तिने माझ्यासमोर आदळला. "हे तुम्ही रोज उघडं करून दाखवता ना, मोठे काका? म्हणून ते किल्लीशिवाय उघडतं का?"

मी नमुना उचलून जागेवर ठेवला.

जुनं रेकॉर्डिंग पुसायच्या आधी तिने ती दुपार शोधून काढली. वरून सगळं लहान दिसत होतं. माझा हात मागे गेला, भावाची मान एका बाजूला फेकली गेली. तिने ते तीनदा पाहिलं. मला एकदाही नजर वळवू दिली नाही.

"आता पासवर्ड टाका," ती म्हणाली आणि पाठ करून उभी राहिली. "मला नका सांगू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो पासवर्ड कागदावर लिहून भावाच्या घरी गेलो. माझ्याखेरीज तो फक्त त्यालाच ठाऊक असणार होता. माझ्याकडून यापेक्षा मोठी माफी होणार नव्हती. दार त्यानेच उघडलं. भुवईवर टाके होते, डोळा अजून काळानिळा.

"दुकानाचा आहे," मी म्हणालो. "ठेव तुझ्यापाशी."

त्याने कागद घेतला नाही. माझ्या बँडेज बांधलेल्या करंगळीकडे पाहिलं.

"मला नको सांगूस दादा," तो म्हणाला. "पुन्हा काही फुटलं, तर ठाऊक असणारा मीच निघेन."

दार त्याने हळूच लावलं. मी ते दोन लाथांनी हादरवलं. कडी आमच्याच दुकानातली होती. ती हलली नाही.