सोडून पाहायचा पतंग

ओहोटीनंतरच्या घट्ट वाळूवर माझ्या मुलीने, सईने, दोन पतंग पसरले होते. एक खोलीएवढा, दुसरा त्याच्या निम्मा. चाकं लावलेल्या फळीवर उभं राहायचं आणि पतंग ओढेल तसं किनाऱ्यावरून सुसाट जायचं, हा तिचा नवा नाद.

"यातला चांगला कोणता?" मी विचारलं. माझ्या मते, जास्त ओढेल तो.

तिने आधी मोठा चढवला. त्याने तिला चार पावलं फरफटत नेलं, आणि तिने पतंगाच्या दोऱ्या बांधलेला हातातला दांडा चक्क सोडून दिला. मी ओरडलोच. आमच्या लहानपणी हातून मांजा सुटला की पतंग गेलाच. हा गेला नाही, पण तिच्या मनगटाला बांधलेल्या जादा दोरीला हिसके देत बराच वेळ फडफडत राहिला. मग धाकटा. दांडा सुटताच तो मुकाट वाळूवर येऊन बसला.

"हा घेते," सई म्हणाली. "ओढतात सगळेच, बाबा. सोडल्यावर कसा वागतो ते बघायचं."

नोकरी काय, मित्र काय, मी सगळं ओढीवरूनच निवडलं. सोडून पाहायचं कधी सुचलंच नाही.

तिने फळीवर पाय रोवले. तोल जाऊ नये म्हणून मी तिचा कमरपट्टा मागून घट्ट धरला. पतंग डोक्यावर स्थिर झाला.

"बाबा, सोड आता."

दोन्ही पतंग तपासून झाले होते. राहिला होता तो माझा हात.