हळदीखालचा चेहरा

मामेभावाच्या हळदीला आजोळी, एडवणला निघण्याआधी मम्मीने माझं कन्सीलर माझ्या हातात दिलं. "डोळ्यांखालचं काळं तेवढं झाक. लग्न होईपर्यंत आजीला कळायला नको." मम्मीच्या आजाराबद्दल फक्त आम्हा घरातल्या तिघांना ठाऊक होतं. माझी शेड तिला जरा उजळ होती. टिपून टिपून लावताना तिच्या गालाचं हाड माझ्या बोटाला लागत होतं.

मांडवात एक शेजारीण म्हणाली, "काय गो, बोईसरचं पाणी मानवलंय तुला!" मम्मी हसली. हळदीच्या मांडवातून कोरडं कुणी सुटत नाही, हे आम्ही दोघी विसरलो होतो. नवऱ्या मुलाला लावून झाल्यावर मामीने मागून येऊन मम्मीचं तोंड माखलं. "वन्सं, बोईसरला राहता म्हणून सुटाल काय?"

हळद डोळ्यांत गेली, म्हणून आजीने हसत हसत पदराने लेकीचे डोळे पुसले. हळदीबरोबर कन्सीलरही निघालं.

आजीचं हसू थांबलं. "कधीपासून हाय?" तिने हळूच विचारलं. मम्मीने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघत राहिले.

मग आजीने ताटातली ओली हळद बोटांवर घेतली आणि मम्मीच्या डोळ्यांखाली जाडसर लावली.

"आज पुसू नको," ती म्हणाली. "पोराचं लगीन हाय."

दोघी गाणाऱ्या बायकांमध्ये जाऊन बसल्या. आजीही गात होती, पण पदराचं ते टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं.