ग्रुपवर टाकलं होतं

फ्रीज दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला नात्यातले सगळे भोंगा म्हणत. आवाज मोठा, आणि पोटात काही म्हणून राहायचं नाही. नातेवाइकांचा फोनवर ग्रुप निघाला तेव्हा भोंग्याला रानच मोकळं मिळालं. सकाळी फुलांचे फोटो, दुपारी विनोद, वाढदिवस कुणाचाही असो, पहिल्या शुभेच्छा याच्याच. लोकांच्या स्वयंपाकघरात फ्रीजमागे उकिडवं बसून, गॅस भरता भरता त्याचं हे चालायचं.

बायको गेली तेव्हा ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. फोन मात्र एकटीचाच आला, अक्काचा, त्याच्या थोरल्या बहिणीचा. "जेवलास का रे?" एवढंच तिने विचारलं, आणि हा बाप्या पाना खाली ठेवून गिऱ्हाइकाच्या घरात ढसाढसा रडला.

त्यानंतर त्याने ग्रुपवर लिहिलं, "मी निघतो. बोलायचं असेल त्याने फोन करा. मीही करीन." आणि असली सगळी ॲपच फोनमधून काढून टाकली.

आता कामावरून आला की हातपाय धुऊन तो कुणाला ना कुणाला फोन लावायचा. लोक दचकायचे.

"काय झालं? कोण गेलं?" चुलतभावाने विचारलं.

"कुणी नाही. सहज केला."

"सहज?" भाऊ घाबराच झाला. "डॉक्टरांनी काही सांगितलंय का तुला?"

दूरदेशी नोकरी करणारी मुलगी म्हणायची, "बाबा, मीटिंगमध्ये आहे, मेसेज टाका ना." हळूहळू बरेच जण फोन उचलेनासे झाले. आपण नको त्या दारात उभे आहोत, असं त्याला वाटायला लागलं.

अक्काचं तसं नव्हतं. ती गुडघ्यांपासून सुरुवात करायची ती थेट लहानपणी आईकडून खाल्लेल्या शिव्यांपर्यंत पोचायची. दोघं पोट धरून हसायची. एकदा मात्र ती मध्येच थांबली.

"भोंग्या, छातीत गाठ लागतेय हाताला. कुणाला बोलू नकोस."

तो कुणालाही बोलला नाही. पण तिची पाठ सोडली नाही. "दाखवून ये" हेच रोजचं पालुपद. शेवटी वैतागून ती म्हणाली, "जाते बाबा, तुझं तोंड तरी बंद होईल."

पुढे तिने फोन उचलणं बंद केलं. त्याने पुन्हा पुन्हा लावून पाहिला. आपल्या पालुपदाला तीही कंटाळली, असं त्याच्या मनाने घेतलं आणि तो रुसला. करील तिला हवा तेव्हा, म्हणून गप्प बसला. शेवटी राहवेना, तेव्हा बस पकडून तिच्या घरी गेला.

दार भाच्याने उघडलं. मामाकडे तो परक्यासारखा बघत राहिला.

"आता आलास, मामा?"

"अक्का कुठंय?"

मामाला काहीच माहीत नाही, हे भाच्याला आधी कळेचना. मग तो हलक्या आवाजात म्हणाला, "ऑपरेशननंतर बिघडत गेलं. आई गेली, मामा. मागच्या आठवड्यात. रोजचं सगळं ग्रुपवर टाकत होतो."

"मी ग्रुपवर नाही रे."

"ती सारखी विचारायची, भोंगा आला का? मी म्हणायचो, कळवलंय."

"फोन लावत होतो मी तिला."

"आयसीयूत फोन नेऊ देत नव्हते. इथे कपाटातच पडून होता."

मुलीला त्याने तिथूनच फोन लावला. तिने पहिल्यांदाच लगेच उचलला. "बाबा, मला वाटलं तुम्ही तिथेच आहात. वरचं सगळं न वाचताच मी ग्रुपवर लिहिलं होतं, बाबांना सांभाळा म्हणून."

भांडावं तरी कुणाशी? भाचा दवाखान्यात उभ्याने रात्री काढत होता. मुलगी हजारो मैलांवर. आणि स्वतः तो, रुसून घरी बसलेला.

मुलीने भाच्याला सांगून भोंग्याला परत ग्रुपमध्ये घ्यायला लावलं. जुनं काही दिसेना, म्हणून भाच्याच्या फोनवर त्याने सगळं वाचून काढलं. अक्काचा शेवटचा फोटो, नळ्यांमध्ये. खाली एका काकूंनी लिहिलेलं, "सख्खा भाऊ आला नाही, कमाल आहे." त्याला कुणीच उत्तर दिलं नव्हतं.

बराच वेळ शब्द शोधत त्याने आपल्या फोनवर लिहिलं, "मला कळलं नव्हतं."

दोघांनी अंगठा दाखवला. त्याखाली चुलतभावाच्या नातवाच्या केकचा फोटो आला, आणि सगळे शुभेच्छा देऊ लागले.