लॅपटॉपचं कपाळ

माझं शिक्षण चौथीपर्यंत. शिलाई मशीन मात्र मला उघडून, तेल घालून परत जोडता येतं. बिबवेवाडीत कपडे शिवायच्या कारखान्यात मी पंचवीस वर्षं काढली. तिथे एक नियम होता. मशीन अडलं की आधी पुसायचं, मग उघडायचं. अर्धी दुखणी पुसण्यातच जायची. घरी हा नियम मला वेळेवर आठवला नाही, आणि सुनेच्या हातचं काम जाता जाता राहिलं.

सून चित्रं काढते. मुलं झाली तेव्हा तिनं नोकरी सोडली होती. धाकटा शाळेत जायला लागल्यावर ती पुन्हा काम शोधू लागली. कुणी नाही म्हणे, बहुतेक जण उत्तरच देत नसत. शेवटी लहान मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एका बाईंनी तिला बारा चित्रं रंगवायला दिली. सोमवारी संध्याकाळपर्यंत पाठव, आवडली तर कायमचं काम देऊ, म्हणाल्या. ही चित्रं लॅपटॉपवरच रंगवतात हे मला तेव्हा कळलं. म्हटलं, बरं आहे, फरशी पुसायला नको.

शुक्रवारी दसरा होता. ज्याच्यावर पोट चालतं त्याची त्या दिवशी आमच्याकडे पूजा होते. माझं मशीन, कात्री, मुलाचे पाने-पक्कड आणि यंदा पहिल्यांदाच सुनेचा लॅपटॉप. तिनं मला बजावलं, "आई, बटणांवर काही सांडू नका. आणि वर मधोमध कॅमेरा आहे, त्याला हळद लावू नका."

कॅमेऱ्याला मी लावली नाही. पडद्याच्या वरच्या पट्टीला कपाळ समजले आणि कॅमेऱ्याच्या जरा बाजूला ओल्या हळदीकुंकवाचं बोट चांगलं दाबून टेकवलं. तिनं वाकून नमस्कार केला.

शनिवारी सकाळी लॅपटॉप उघडला तर पडदा अगदी मंद. उजेड वाढवायचं बटण दाबलं की क्षणभर वाढायचा, पुन्हा उतरायचा. मुलानं कामावरून फोनवर सांगितलं, बंद करून चालू कर. ते तिनं चारदा केलं. मग इंटरनेटवर वाचून वाचून लॅपटॉपमधलं काय काय काढलं, काय काय परत घातलं. दुपार गेली. पिवळा कुठला आणि पोपटी कुठला ते दिसतच नाही, एवढंच म्हणाली आणि कणीक तिंबायला बसली. त्या दिवशीच्या पोळ्या फार मऊ झाल्या.

संध्याकाळी तिच्या स्कूटरवरून आम्ही शनिवार पेठेतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदार पन्नाशीचा, चष्मा कपाळावर. त्यानं बटणं दाबली, वायरी लावल्या, फडक्यानं पडदा पुसला. पुसताना माझी हळद तेवढी जपून चुकवली. त्याच्या स्वतःच्या पेचकसांवरही दसऱ्याची बोटं होतीच. शेवटी म्हणाला, पडदा बदलावा लागेल, बुधवारी मिळेल. सुनेनं सांगितलं, काम सोमवारी द्यायचंय.

"मग ताई, देवाला सांगा. आम्ही बुधवारी देतो."

"देवाला शुक्रवारीच सांगून झालंय," मी म्हटलं. "त्याचाच हा गुण दिसतोय."

लॅपटॉप घेऊन आम्ही परत आलो. वाटेत सिग्नलला ती म्हणाली, बाईंना आजच कळवते, चित्रं दुसऱ्या कुणाला द्या म्हणून. मी म्हटलं, नाही म्हणायला सोमवारही चालतो.

रविवारी सकाळी मी माझं मशीन पुसायला घेतलं. पूजेची हळद आपण होऊन जाईपर्यंत कुणी पुसत नाही, पण ती माझ्या कापडाला लागते, म्हणून मी तिसऱ्या दिवशी पुसते. शेजारीच लॅपटॉप चालू ठेवून सून आंघोळीला गेली होती. हातात ओलं फडकं होतं. त्याचंही कपाळ पुसलं. हळद वाळून चिकटली होती, नख लावावं लागलं. खाली बारीक काचेचा ठिपका निघाला, आणि दोन श्वासांत पडदा लख्ख उजळला.

मी ठिपक्यावर बोट ठेवलं. पडदा मंद झाला. बोट काढलं, उजळला. तीनदा करून पाहिलं.

गप्प बसता आलं असतं. आपोआप सुरू झालं म्हटलं असतं तर तिनं मानलंही असतं. पण पुढच्या दसऱ्याला मी पुन्हा तिथेच बोट टेकवलं असतं. ती केस पुसत बाहेर आली तेव्हा सांगून टाकलं, "तुझा लॅपटॉप मी बिघडवला होता. हळद लावून."

तिनं स्वतः बोट ठेवून पाहिलं. खोलीत उजेड किती आहे ते हा ठिपका बघतो आणि त्याप्रमाणे पडदा कमीजास्त करतो, असं तिनं मला समजावलं. हळदीखाली त्याला दोन दिवस घरात अंधारच दिसत होता.

"त्याचा डोळाच लिंपलात तुम्ही, आई."

रागावली असती तर मी ऐकून घेतलं असतं. ती हसली, खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "आता सरका तिथून. उजेड अडतोय."

मी सरकले. दोन दिवस स्वयंपाक मी केला, नातवंडांना मुलानं सांभाळलं. सोमवारी चार वाजता बारा चित्रं गेली. बुधवारी बाईंचं उत्तर आलं. दोन चित्रांतलं आभाळ जरा फिकट करा, आणि पुढच्या पुस्तकाचं कधी सुरू करता?

दुकानदाराला फोन करून मी पडदा नको म्हणून कळवलं, कारणही सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, दिसली होती हो मला. पण पूजेची हळद पुसायची कशी?"

पुढच्या दसऱ्याला हळद बाहेरून, बंद झाकणावर लावायची. नेमकी कुठे, ते सुनेनं दाखवून ठेवलं आहे. तोवर तिची दोन पुस्तकं व्हायची आहेत.