उजव्या पायातला चाळ

मंडळी, म्युझिक थेरपीत पीएचडी करतेय म्हटलं की सगळे विचारतात, "पेशंटना राग ऐकवतेस का गं?" अरे यार, मी फिजिओथेरपिस्ट आहे. बोरिवलीत लकवा झालेल्यांना तालावर चालायला शिकवते, तोच माझा विषय.

सध्या संगमेश्वरचे एक काका येतात. मेट्रोनोमच्या, म्हणजे ताल देणाऱ्या यंत्राच्या, टिकटिकीवर त्यांचा उजवा पाय उचलतच नव्हता. काल वैतागून म्हणाले, "बाय, ह्या टिकटिकीवर कोण नाचणार? आम्ही गणपतीत जाखडी नाचायचो."

आमचे बाबाही नाचायचे. उजव्या पायात घुंगरांचा चाळ, आणि त्याची गाठ मारायचा मान माझा. "घट्ट बांध, सुटेल," दरवर्षी हेच.

आज तो चाळ माळ्यावरून काढून क्लिनिकला नेला. काकांच्या पायाशी बसले, तर वरून आवाज आला, "घट्ट बांध गो, सुटल."

मी टेबलावर ठेका धरला. पाय उचलला, आपटला, छन्न! काका खोलीच्या टोकापर्यंत गेले. प्रबंधात हे धरता येणार नाही, प्रयोगातल्या सगळ्या पेशंटना एकच टिकटिक हा नियम माझाच. जाऊ दे.

बाबांनाही लकवाच झाला होता. वाचा गेलेली. मी नवी डिग्रीवाली, त्यांना "वन-टू, वन-टू" करत चालवायचे. एकदा त्यांनी थांबून वर बोट दाखवलं. मी पंखा वाढवला.

पंख्याच्या मागेच माळा होता.

तुमच्या माळ्यावर काय आहे? घरच्यांना विचारून ठेवा, त्यांना बोलता येतंय तोवर.