वहिनीची भट्टी आणि वर्ग दोनची जमीन

आमची जमीन भूमच्या रस्त्याला लागून. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती रीतसर रजिस्ट्री करून घेतलेली. आबा गेल्यावर थोरला भाऊ ती कसायचा, मी शाळेत शिकवायचो, पण घर चालायचं ते वहिनीच्या खव्याच्या भट्टीवर.

शेतातल्या पत्र्याच्या शेडखाली ती पहाटेपासून कढईपुढं बसायची. वस्तीवरच्या बायका दूध आणून घालायच्या. दुपारी भाऊ खवा घेऊन भूमला जायचा. उन्हाळ्यात खवा लगेच आंबतो, हे तिथल्या खव्याच्या व्यापाऱ्याला आमच्याइतकंच ठाऊक. तो म्हणेल तो भाव. एकदा लग्नसराई सरताना त्यानं "आज माल लई झालाय" म्हणून भावाला तसाच माघारी पाठवला. वहिनीनं सगळा खवा उकिरड्यावर टाकला आणि कुत्री त्यावर तुटून पडलेली बघत उभी राहिली.

जेवताना ती म्हणाली, "भाऊजी, आपल्याच रानात थंड खोली बांधू. माल टिकला तर भाव आपुन सांगू."

कर्जासाठी आम्ही तिघं बँकेत गेलो. साहेबांनी सातबारा बघितला आणि परत दिला.

"जमीन वर्ग दोन झालीय. तारण घेता येत नाही."

"आवो, आमच्या वडलांची खरेदी हाय," भाऊ म्हणाला.

"खरेदी खरी असेल. जमीन मूळची इनामी आहे."

निजामाच्या काळात ती कुणाला तरी इनाम मिळाली होती. आबांच्या आधी किती हात बदलले, कोण जाणे. आता जुने कागद काढून अख्ख्या शिवारावर शेरा मारला होता. परवानगीशिवाय विकायची नाही, गहाण टाकायची नाही. आम्हाला कुणी कळवलंही नव्हतं.

मग तहसीलच्या खेपा सुरू झाल्या. कधी साहेब मिटिंगला, कधी "वरून आदेश आला की बघू." सुट्टीच्या दिवशी कचेरी बंद, म्हणून मी शाळेतून रजा काढून जायचो. भाऊ पहिल्यांदा यायचा, नंतर येईनासा झाला. पावसानं बांध फुटला तो त्यानं घातला नाही. विहिरीतला गाळ काढायचा राहिला. मी विचारलं तर म्हणाला, "रान आपलं हाय का न्हाय तेच कळंना. त्यात कशाला जीव घालायचा?" मला राग आला.

तेवढ्यात त्याच व्यापाऱ्यानं भूममध्ये थंड खोली उभी केली. त्याच्या प्लॉटचे कागद स्वच्छ होते, कर्ज सहज मिळालं. त्यानं वस्तीवर गाडी पाठवून थेट दूध उचलायला सुरुवात केली. दूध घालणाऱ्या बायका एकेक करून तिकडं वळल्या. शेवटची, वहिनीची मैत्रीण, सांगायला घरी आली आणि उंबऱ्यातच रडायला लागली. वहिनी म्हणाली, "रडू नको बाई. म्याबी तेच केलं असतं."

पुढं वहिनीही त्याच व्यापाऱ्याकडं रोजानं जाऊ लागली. तिच्या हाताचा खवा चांगला, म्हणून त्यानं तिला मोठ्या कढईवर बसवलं.

त्यानंतर सरकारनं नियम बदलला. सरकारला थोडा नजराणा भरला की जमीन वर्ग एक, म्हणजे पुरती आपली. मी धावपळ करून ते काम करून घेतलं. नवा सातबारा घेऊन घरी आलो, तेव्हा भाऊ अंगणात एका माणसाशी बोलत बसला होता. तो प्लॉटिंगवाला होता. सगळ्या शिवारात फिरत होता.

तो गेल्यावर मी वहिनीला म्हणालो, "आता कर्ज मिळंल. बांधायची का खोली?"

"दूध कुठून आणता?" तिनं विचारलं. मग म्हणाली, "आणि ते उद्या परत दोन करणार न्हाईत कशावरून?"

भाऊ मान खाली घालून म्हणाला, "आज एक हाय तवर इकून टाकू."

मी भांडलो. पण मला पगार होता, त्याला नव्हता. शेवटी मीही सही केली.

रस्त्याकडेचं रान गेलं. शेड पाडताना भट्टीच्या विटा प्लॉटिंगवाल्यानं खड्ड्यात भरल्या. आता तिथं चुन्याच्या रेषा आणि हद्दीचे दगड आहेत. घर एकही उठलेलं नाही. भाऊ दिवसभर पारावर बसतो. वहिनी सकाळी त्या रस्त्यानंच टमटममधून कामाला जाते, आणि आमचं रान आलं की दुसऱ्या बाजूला बघते.