काठावरचा दिवा, बोटीवरचा दिवा

हे मी घरात कधीच बोललो नाही. बायकोला नाही, भावाला नाही. गेल्या रविवारी एका अंगणात मात्र बोललो, आणि तिथे तोंड उघडलं म्हणून आता तुमच्यापुढेही उघडतोय. जरा दम धरा. सरळ मुद्द्यावर यायची हिंमत असती, तर अकरा वर्षं कशाला घालवली असती?

अंबरनाथला मी संध्याकाळी वायरमन लोकांचा वर्ग घेतो. सगळी पोराबाळांची माणसं, कारखान्यांतून सुटून येतात. प्रत्येक तुकडीला मी बजावतो — व्होल्टेज मेन स्विचपाशी मोजून खूश होऊ नका. मोटार चालू ठेवून मोटारीच्या तोंडाशी मोजा. मागच्या महिन्यात मोरिवलीच्या एका पन्नाशीच्या गृहस्थांनी सहज विचारलं, "सर, हे तुम्हाला कोणी शिकवलं?" मी म्हणालो, "अनुभवाने." आणि त्या रात्री जेवण गेलं नाही. अनुभव? कुणाचा अनुभव?

शहाऐंशीचा उन्हाळा. जांभूळ गावाच्या अलीकडे नदीत एका ठेकेदाराची गाळ उपसायची बोट होती. सपाट, लोखंडी, तरंगत होती म्हणून बोट म्हणायचं. तिच्यावरच्या पंपाला वीज काठावरून केबलने जायची. मी डिप्लोमावाला नवा सुपरवायझर, आणि पंप चालवायला बुधाजी — बारवीकडच्या एका पाड्यातले, वयाने माझ्याहून बरेच मोठे. मी त्यांना अरे-तुरे करायचो. लिहिताना तरी करणार नाही. पावसाआधी ते नोकरीत कायम होणार होते, आणि तशी शिफारस मीच केली होती — हेही खरं आहे, म्हणून सांगतो.

एप्रिलमध्ये पाणी हटलं. बोट पुढच्या डोहात न्यावी लागली आणि केबल कमी पडली. जाड केबल मागवायची तर आठवडा जाणार, आणि इंजिनियर साहेब पाहणीला तीन दिवसांत येणार. मी उल्हासनगरला गेलो, भंगार मालाच्या दुकानातून एक बारीक केबल उचलली. दुकानाचे सिंधी सेठ म्हणालेसुद्धा, "साईं, ये मोटर का माल नहीं है." मी हसलो. डिप्लोमा माझ्याकडे होता ना!

जोड मारला, पंप चालू केला. दहा मिनिटांत स्टार्टरने मोटार सोडली. पुन्हा चालू, पुन्हा बंद. व्होल्टेज पडलं की स्टार्टर मोटार सोडतो, ती मोटारीच्या जिवासाठीच केलेली सोय. मी काठावर मीटर लावला — चारशे दहा. उत्तम. म्हणजे दोष माझा नाही, असं मी ठरवूनही टाकलं. बोटीवर जाऊन मोजायला काय झालं होतं? काही नाही. तिथे काय दिसेल ते मला ठाऊक होतं.

बुधाजी मात्र काठावर आले आणि म्हणाले, "सायेब, काठावरचा दिवा झक्क पेटतोय, आन बोटीवरचा पिवला पडतोय. मधी कुठं तरी खातंय."

मीटर नाही, शाळा नाही — दोन दिवे बघून माणसाने रोग ओळखला होता: माझी बारीक केबल वाटेतच व्होल्टेज खात होती. आणि मला काय वाटलं असेल? राग आला. चार मजुरांसमोर बोलले म्हणून आला. मी म्हणालो, "तू मला शिकवू नकोस. स्टार्टरच्या दांडीत कामटी घाल आणि चालू ठेव." बांबूची कामटी अडकवली की दांडी सुटत नाही, नदीकाठच्या सगळ्या पंपांवर लोक हा उद्योग करतात, आणि मोटारी जाळून घेतात. बुधाजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग घातली कामटी.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोटार जळली. इंजिनियर साहेब बोटीवरच होते. त्यांनी स्टार्टर उघडला, कामटी काढली आणि विचारलं, ही कोणी घातली?

मी गप्प राहिलो असतो, तरी एक वेळ — पण नाही, मी बोललो. "मी नको म्हणालो होतो, साहेब. ऐकत नाहीत ही माणसं."

झालं. एवढंच सांगायचं होतं, आणि एवढ्यासाठी इतका फिरलो. ते चार मजूर माझ्याच हाताखालचे होते, आणि साहेबांनी आणखी कुणाला विचारलं नाही. त्याच संध्याकाळी बुधाजींना कामावरून काढून घरी पाठवलं. आणि मी काय केलं? सगळे पांगल्यावर ती बारीक केबल सोडवली आणि डोहात ढकलली. नव्या मोटारीबरोबर जाड केबल आली, पंप सुरळीत चालला, आणि शाबासकी मला मिळाली. ती मी घेतली.

रविवारी बदलापूरहून रिक्षा केली, मग पाड्यापर्यंत चालत गेलो. बुधाजी अंगणात टोपली विणत होते. ओळखलं लगेच. मी बसून, खाली मान घालून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला कशाला सांगतो? मला ठावं हाय. पाड्याला सांग."

पाड्याला विजेचा पंप आला तेव्हा त्यांना त्याला हात लावू दिला नव्हता — मोटार जाळणारा माणूस म्हणून. हे मला तिथे कळलं. त्यांनी स्वतःच आजूबाजूच्या घरांतून माणसं बोलावली. पंधरा-वीस जण जमले. मी उभा राहिलो आणि म्हणालो, कामटी मी घालायला लावली. वायर मी चुकीची आणली. यांनी मला आधीच सांगितलं होतं. मी खोटं बोललो.

कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर घेतल्या असत्या. पंपाची किल्ली ज्याच्याकडे असते तो माणूस बुधाजींकडे वळून म्हणाला, "दादा, सकाली पंपाकडं ये. तो बी मधीच सोडतोय."

बुधाजींची बायको दारात उभी होती. माझ्याकडे तिने पाहिलंच नाही. ती नवऱ्याला म्हणाली, "तू मला पयल्याच दिशी सांगितलं होतंस. मी म्हटलं, सायेब कशाला खोटं बोलंल?" आणि अंगणात सगळ्यांदेखत, त्यांच्या शेजारी जाऊन बसली.